पर्यटन बोटीत मणका मोडला : भरपाई कोणाकडे, कुठे आणि किती मागावी

सांगलीच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या नोव्हेंबरात ते कुटुंबासह सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर गेले असता डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या स्पीडबोटीत बसले. परतीच्या वाटेवर चालकाने वेग कमी न करता बोट लाटांवरून उडवली. त्यांच्या ३७ वर्षांच्या पत्नी नाळेकडच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडच्या, पहिल्या बाकावर होत्या. त्या उसळून बाकावर आपटल्या आणि त्यांच्या कमरेचा पहिला मणका दबून फुटला. कोल्हापुरात शस्त्रक्रिया करून स्क्रू बसवावे लागले. त्या घरी शिवणकाम करतात आणि आता अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ मशीनवर बसू शकत नाहीत. बोटमालकाने रुग्णालयात २५,००० रुपये दिले आणि ‘तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर बसत असल्याच्या कागदावर सही केली आहे’ असे सांगून हात झटकले. पोलिसांत फक्त डायरीला नोंद आहे. भरपाई मिळू शकते का, त्यासाठी मालवण-कुडाळला खेपा घालाव्या लागतील का, आणि रक्कम किती मागावी, असे त्यांचे प्रश्न आहेत.

भरपाई मिळू शकते, आणि आपण सांगितलेल्या हकिकतीवरून दावा चांगला आहे. मात्र कोकणातल्या अशा प्रकरणांत मी वकील म्हणून वारंवार पाहिले आहे की कायदा जखमी माणसाच्या बाजूने असतानाही कागद वेळेवर गोळा न झाल्यामुळे आणि दावा चुकीच्या ठिकाणी दाखल झाल्यामुळे लोक हरतात. म्हणून रकमेचा विचार मागे ठेवून मी आधी या दोन गोष्टींबद्दल लिहितो.

आपल्या प्रकरणात योग्य जागा म्हणजे सांगलीचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात त्याला तक्रार करता येते. १९८६च्या कायद्यात ही सोय नव्हती, त्यामुळे पर्यटकाला अपघाताच्या गावी जाऊन भांडावे लागे आणि दोन तारखांनंतर तो कंटाळून सोडून देई. तिकिटाचे पैसे आपण भरले असले तरी पत्नी ‘ग्राहक’ ठरतात, कारण पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणारी व्यक्तीही कायद्याच्या व्याख्येत येते. तक्रार त्यांच्याच नावाने करावी. आपण सहतक्रारदार होऊ शकता.

रकमेच्या अधिकारक्षेत्राबद्दल बराच गैरसमज आहे. जिल्हा आयोगाची ५० लाखांची मर्यादा सेवेसाठी मोजलेल्या मोबदल्याला लागते, मागितलेल्या भरपाईला लागत नाही. तिकीट काही शे रुपयांचे असेल आणि भरपाई २० लाखांची मागितली, तरी तक्रार जिल्हा आयोगातच चालते, आणि मोबदला ५ लाखांच्या आत असल्यामुळे शुल्कही लागत नाही. मोबदल्यावर आधारलेली ही रचना सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली आहे. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. उशीर झाल्यास माफीचा अर्ज करता येतो, पण त्या आशेवर राहू नये. पहिले वर्ष बहुधा उपचारांत जाते आणि दुसरे ‘मालक काहीतरी देईल’ या वाटेत जाते, असा माझा अनुभव आहे.

मालकाचा वकील असे म्हणेल की बोट कशी चालवली, लाट किती होती, हे गुंतागुंतीचे प्रश्न आहेत आणि ते दिवाणी न्यायालयातच सुटू शकतात. हा आक्षेप नेहमीचा आहे. केवळ वस्तुस्थिती गुंतागुंतीची आहे एवढ्यावरून ग्राहक आयोगाने तक्रार परत पाठवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच एका वैद्यकीय निष्काळजीपणाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही तक्रार इतकी नेटकी लिहावी की आयोगाला तो प्रश्न पडूच नये. कोण कुठे बसले होते, चालक काय करत होता, वेग कमी करण्यास कोणी सांगितले होते का, आदळल्यानंतर बोट थांबवली की तशीच किनाऱ्यापर्यंत नेली, हे सर्व क्रमाने आणि विशेषणांशिवाय लिहावे.

आता त्या सहीच्या कागदाकडे वळू. धोका पत्करून बसतो असे लिहून देणे आणि चालकाच्या निष्काळजीपणाला आधीच माफी देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्रात बोट हलते, अंगावर पाणी उडते, उलटी होऊ शकते, हा धोका प्रवाशाने पत्करलेला असतो. पुढच्या बाकावर माणसे बसलेली असताना मौजेसाठी बोट लाटेवरून उडवली जाईल, हा धोका त्याने पत्करलेला नसतो. शिवाय असा कागद किनाऱ्यावर, रांगेत उभे असताना, न वाचता सही करण्यासाठी पुढे केलेला असतो आणि त्यातला शब्दही बदलण्याची मुभा प्रवाशाला नसते. असमान ताकदीच्या पक्षांमधील जाचक अटी न्यायालये अंमलात आणत नाहीत, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मांडले. तो खटला नोकरीच्या करारासंबंधी होता, आणि मालक होते ते सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन, म्हणजे जलवाहतुकीचीच सरकारी कंपनी. येथे एक सावधगिरी बाळगावी. तक्रारीत ‘हा करार अनुचित आहे, तो रद्द करावा’ अशी स्वतंत्र मागणी करू नका, कारण अनुचित कराराविरुद्धच्या तक्रारी राज्य आयोगाकडे जातात आणि जिल्हा आयोगात विनाकारण अधिकारक्षेत्राचा वाद उभा राहतो. तक्रार सेवेतील त्रुटीची ठेवावी आणि मालकाने तो कागद पुढे केला की त्याला उत्तर द्यावे.

निष्काळजीपणा सिद्ध करणे हा प्रकरणाचा गाभा आहे आणि माझ्या मते आपली बाजू इथेच सर्वांत भक्कम आहे. वेगवान लहान बोटीत सर्वांत जोराचे उभे धक्के नाळेकडच्या बाकाला बसतात. बोट लाटेच्या माथ्यावरून सुटली की प्रवासी बाकावरून उचलला जातो आणि बोट खाली आपटून पुन्हा वर येत असतानाच तो तिच्यावर पडतो. हा धक्का सरळ पाठीच्या कण्यातून वर जातो आणि छातीचा शेवटचा व कमरेचा पहिला मणका यांच्या सांध्यापाशी हाड दबते. आपल्या पत्नींची दुखापत नेमकी त्याच जागी आहे. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने अशा सहलींच्या बोटींतील अशाच दुखापतींचे तपास केलेले आहेत, म्हणजे हा धोका या व्यवसायाला अपरिचित नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून एक छोटे मतपत्र घ्या, ज्यात ही दुखापत बसलेल्या स्थितीत उभ्या धक्क्याने होऊ शकते आणि आधीच्या हाडाच्या आजाराची लक्षणे दिसली नाहीत, असे (ते खरे असेल तर) लिहिलेले असावे. हाडांच्या ठिसूळपणाचा मुद्दा समोरून येणारच आहे.

लाइफ जॅकेटबद्दलही बोलले जाईल. पत्नींनी जॅकेट घातले नव्हते किंवा सैल घातले होते, म्हणून त्याही दोषी आहेत, असे म्हणतील. जखमीची स्वतःची चूक असेल तर भरपाई तितक्या प्रमाणात कमी होते, हे खरे आहे, पण ती चूक दुखापतीला कारण झालेली असावी लागते. जॅकेट बुडण्यापासून वाचवते. बसल्या जागी मणका दबण्याशी त्याचा संबंध नाही. हाच निकष आपल्या बाजूलाही लागू होतो, हे विसरू नका. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती एवढे म्हणून भागत नाही. जास्त माणसे घेतल्यामुळेच पत्नींना नाळेकडे बसवले गेले, असा धागा जोडून दाखवावा लागतो.

पुराव्यासाठी पहिला अर्ज महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, म्हणजे लोक ज्याला मेरिटाइम बोर्ड म्हणतात त्याच्याकडे, माहिती अधिकारात करा. सिंधुदुर्गचा किनारा त्यांच्या वेंगुर्ला बंदर समूहात येतो. बोटीची नोंदणी कोणाच्या नावाने आहे, सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत वैध होते, प्रवाशांची मंजूर संख्या किती, कोणत्या हद्दीत आणि कोणत्या कामासाठी परवाना आहे, विमा आहे का, आणि चालकाकडे कोणते प्रमाणपत्र आहे, ही माहिती व कागदांच्या प्रती मागा. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. जलक्रीडेच्या बोटी चालवणाऱ्यांना गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था प्रशिक्षण व प्रमाणपत्र देते, तेव्हा चालकाचे प्रमाणपत्र तिथले आहे का हेही विचारा. मासेमारीसाठी नोंदलेली होडी पर्यटकांना नेत होती असे उघड झाले, किंवा परवानाच संपलेला निघाला, तर समोरच्याचा अर्धा बचाव तिथेच ढासळतो. (आपला अपघात नोव्हेंबरातला आहे. इतर वाचकांसाठी नोंदवतो की २६ मे ते ३१ ऑगस्ट या पावसाळी बंदीच्या काळात कोणी बोट काढली असेल तर ती बाब तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात यावी.)

दुसरे काम पोलिसांचे आहे. डायरीतील नोंद पुरेशी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८२ मध्ये बेदरकारपणे जलयान चालवण्याचा, कलम १२५ मध्ये निष्काळजीपणाने दुखापत वा गंभीर दुखापत करण्याचा आणि कलम २८४ मध्ये असुरक्षित किंवा जास्त भरलेल्या बोटीतून भाड्याने माणसे नेण्याचा गुन्हा आहे. मणका मोडणे ही गंभीर दुखापत आहे. लेखी फिर्याद द्या. सांगलीतील ठाण्यातही ती देता येते आणि तिथून ती हद्दीच्या ठाण्याकडे वर्ग होते. नोंदवून घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. चालकाला तुरुंगात पाठवण्यासाठी मी हे सुचवत नाही. गुन्हा नोंदला की पंचनामा होतो, जबाब होतात, बोटीचे कागद तपासात येतात, आणि हे कागद आपल्याला एरवी मिळवता येत नाहीत. फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहत भरपाईची तक्रार थांबवू नये. दोन्ही स्वतंत्र आहेत आणि पुराव्याचे मापही वेगळे आहे.

घरातले पुरावे आजच एकत्र करा. बुकिंगचा व्हॉट्सॲप संवाद, ऑनलाइन पैसे भरल्याची नोंद, त्या दिवशीची छायाचित्रे आणि विशेषतः बोटीत कोणी घेतलेली चित्रफीत जपून ठेवा. मूळ फोन विकू नका वा फॉरमॅट करू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. बोटीत आणखी कुटुंबे असतील तर त्यांचा माग काढा. परक्या सहप्रवाशाचे एक शपथपत्र घरच्यांच्या चार शपथपत्रांपेक्षा जड ठरते. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे व एमआरआय, औषधांची प्रत्येक पावती, गाडीभाड्याची पावती, कामाला ठेवलेल्या बाईला दिलेल्या पगाराची लेखी पोच, हे सर्व तारखेनुसार लावा. किनाऱ्यावरील पहिल्या दवाखान्यातल्या केसपेपरवर ‘बोटीत आपटल्याने’ असे लिहिले आहे का ते पाहा. तिथे ‘घसरून पडल्या’ असे लिहिले गेले असेल, तर नोंद कोणी सांगितल्यावरून झाली याचा खुलासा तक्रारीतच करावा लागेल.

मालकाने दिलेल्या २५,००० रुपयांबद्दल काळजी करू नका. ती रक्कम स्वीकारल्याने हक्क जात नाही, तक्रारीत ती प्रामाणिकपणे दाखवावी आणि अंतिम रकमेतून वजा होऊ द्यावी. पुढे आणखी पैसे देऊ केले तर ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द असलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नये. हे सरकारी मदतीलाही लागू आहे. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली, तेव्हा राज्य सरकारकडून मृतांच्या वारसांना ५ लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून २ लाख रुपये जाहीर झाले होते. अशी मदत सहानुभूतीची असते, ती कायदेशीर भरपाईची जागा घेत नाही आणि तिच्यामुळे दावा बंद होत नाही.

तो अपघात आठवला म्हणून दोन वेगळ्या वाटांबद्दलही लिहितो, कारण त्या आपल्याला कोणीतरी सुचवेल. धडक सरकारी नौकेने दिली असेल तर त्या नौकेच्या संदर्भात प्रवासी ‘ग्राहक’ नसतो. तिथे शासनाविरुद्ध दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते आणि दाव्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. सरकारी वाहनाच्या निष्काळजी चालकाबद्दल शासन जबाबदार असते, हे तत्त्व १९६२च्या राजस्थानातील खटल्यापासून प्रस्थापित आहे. त्या खटल्यात दुरुस्तीहून परत आणल्या जाणाऱ्या सरकारी जीपने पादचाऱ्याला उडवले होते. दुसरी वाट सागरी दाव्यांच्या २०१७च्या कायद्याची आहे. त्यात जीवितहानी वा शारीरिक इजेसाठी मुंबई उच्च न्यायालयातून बोट अटकावून ठेवता येते. हा सागरी धारणाधिकार, म्हणजे बोटीवरूनच वसुली करण्याचा हक्क, एका वर्षात संपतो, अंतर्देशीय नौका आणि युद्धनौका त्या कायद्यातून सामान्यतः वगळलेल्या आहेत, आणि खर्च मोठा असतो. मोठी फेरीबोट आणि मोठी हानी असेल, किंवा मालक बोट विकून मोकळा होण्याच्या बेतात असेल, तर ती वाट शहाणपणाची. आपल्यासारख्या प्रकरणात मी ती सुचवणार नाही.

विरुद्ध पक्ष कोणाला करावे, याचा विचार नीट करा. नोंदणीकृत मालक, प्रत्यक्ष चालक, पावती देणारी व्यक्ती किंवा संस्था, आणि विमा कंपनी असल्यास ती, इतके पुरे. कोकणात बऱ्याच ठिकाणी तिकीट सहकारी संस्था फाडते आणि बोट सभासदाची असते. अशा वेळी दोघांनाही सामील करावे, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आपण बुकिंग निवासाच्या ठिकाणाहून केले असेल आणि त्यांनी पैसे घेतले असतील, तर तेही जबाबदार ठरू शकतात. पाहुण्याच्या सुरक्षिततेची काळजी हा सेवेचाच भाग असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये केरळ पर्यटन विकास महामंडळाच्या हॉटेलातील बुडून मृत्यूच्या प्रकरणात मान्य केले. तिथे जीवरक्षकाकडेच बारचेही काम दिलेले होते. सागरी मंडळाला मात्र पक्ष करू नये असे माझे मत आहे. त्यांनी आपल्याकडून सेवेचे पैसे घेतलेले नाहीत आणि त्यांना ओढल्याने प्रकरण लांबते.

आता रकमेबद्दल. दुखापतीच्या भरपाईचे घटक सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१०च्या निकालात सविस्तर सांगितले आहेत. तो निकाल मोटार अपघाताचा आहे, पण इतर मंचांनाही तो मोजमापासाठी उपयोगी पडतो. उपचार, प्रवास, पोषक आहार, मदतनीस, उपचारकाळात बुडालेले उत्पन्न, भविष्यातील उपचार, भविष्यातील उत्पन्नाची हानी, वेदना, आणि आयुष्यातील सुखसोयींना मुकणे, हे ते घटक आहेत. यात सर्वांत मोठा आकडा भविष्यातील उत्पन्नाचा असतो आणि तिथेच सर्वाधिक चुका होतात. दिव्यांगत्व प्रमाणपत्रावरची टक्केवारी शरीराची असते, तर न्यायालय पाहते ते कमाईच्या क्षमतेचे नुकसान. डावा हात गमावलेल्या सुताराचे जवळजवळ सर्व उत्पन्न जाते, कारकुनाचे कदाचित काहीच जात नाही, असे उदाहरण त्याच निकालात आहे. शिवणकाम म्हणजे तासन्‌तास पुढे वाकून बसणे, तेव्हा प्रमाणपत्र १५ टक्क्यांचे असले तरी कमाईतील घट त्याहून जास्त असू शकते. हे डॉक्टरांनी लिहून द्यावे आणि पत्नींनी स्वतः शपथेवर सांगावे.

समजा, उत्पन्न महिना १५,००० रुपये सिद्ध झाले आणि कमाईची क्षमता २० टक्क्यांनी घटली असे धरले. वर्षाचे १,८०,००० होतात. स्वयंरोजगारात असलेल्या आणि ४० वर्षांच्या आतल्या व्यक्तीसाठी भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवले की २,५२,००० होतात. ३६ ते ४० या वयोगटाचा गुणक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचे तो वयानुसार ठरलेला आकडा) १५ आहे, म्हणजे ३७,८०,०००, आणि त्याचे २० टक्के म्हणजे ७,५६,००० रुपये. यात उपचार, मदतनीस, वेदना इत्यादी घटक वेगळे मिळवायचे. जखमी व्यक्तीच्या बाबतीत वैयक्तिक खर्चाची वजावट होत नाही. ती मृत्यूच्या दाव्यात होते. ग्राहक आयोग या सूत्राने बांधलेला नाही आणि कित्येकदा ठोक रक्कम देतो, पण हिशेब मांडलेला असेल तर ती ठोक रक्कमही वर सरकते. हिशेबाशिवाय ५० लाख मागणाऱ्या तक्रारीला गांभीर्य राहत नाही.

उत्पन्नाचा पुरावा नाही, ही आपली अडचण मला ठाऊक आहे. प्राप्तिकराचे विवरणपत्र नसले तरी ग्राहकांची मापांची वही, कापड व अस्तर घेतल्याची बिले, खात्यात येणाऱ्या लहान रकमा आणि दोन-तीन नियमित ग्राहकांची शपथपत्रे यांतून उत्पन्न उभे राहते. शिवाय त्या घर सांभाळतात, त्या श्रमालाही मोल आहे. गृहिणीच्या कामाचे काल्पनिक उत्पन्न धरलेच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. बहुतेक तक्रारींत ही मागणी लिहिलेलीच नसते, याचे मला वाईट वाटते.

तक्रारीआधी वकिलामार्फत पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. ती बंधनकारक नाही, पण उत्तरात मालक काय बचाव घेतो ते कळते, आणि पुष्कळदा बोट आपली असल्याची कबुली तिथेच मिळते. तक्रार दाखल करण्याआधी दिव्यांगत्वाची तपासणी जिल्हा शासकीय रुग्णालयातून करून घ्या. हाड जुळून स्थिती स्थिर झाल्याशिवाय ती करू नये, घाईत केलेली तपासणी पुढे आपल्यालाच अडवते. दोन वर्षांच्या मुदतीत त्यासाठी पुरेसा वेळ आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

निकाल बाजूने लागल्यावर मालकाला अपील करायचे असेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे जावे लागते आणि आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. पैसे न दिल्यास दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसुली करता येते, आणि ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे एक महिना ते तीन वर्षे कैदेची किंवा किमान २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. वसुलीसाठी बोटीचा नोंदणी क्रमांक आणि मालकाच्या बँक खात्याचा तपशील लागतो. ज्या खात्यात आपण तिकिटाचे पैसे भरले त्या व्यवहाराची नोंद म्हणूनच आजपासून जपून ठेवा.